बंपरचं दुसरं टोक

“चासी सरळ आहे, बंपर सरळ आहे. मग बसत का नाही, वस्ताद?”

धैर्यशीलनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

इलाही वस्ताद बशीतला चहा फुंकत होते.

आजऱ्याहून आंबोलीकडे निघालं की गाव संपता संपता डाव्या हाताला वस्तादांची पत्र्याची शेड लागते. माझ्या स्कूटरचा क्लच दर दोन महिन्यांनी तुटतो, म्हणून मला तिथं जावं लागतं, असं मी घरी सांगतो. क्लच खरं तर वर्षातून एकदा तुटतो. निवृत्त मास्तरला बसायला जागा लागते, एवढंच.

वस्ताद सत्तरीच्या पुढचे. डोळ्यांनी आता कमी दिसतं, पण लोखंडावरून तळहात फिरवला की पोचा कुठं आहे ते अचूक सांगतात. दिवसभरात दहा वाक्यं बोलतात. त्यातली सहा चहा घ्या म्हणणारी असतात.

धैर्यशील देसाई हा त्यांचा चेला. तीन वर्षं या शेडमध्ये लोळला, मग कोल्हापूरला जाऊन स्वतःचं वर्कशॉप काढलं. चिखलातून, ओढ्यातून, दगडधोंड्यांतून जीप हाकायच्या शर्यती असतात ना, त्या जीपा तो तयार करतो आणि स्वतः पळवतोही. भिंतीवर चषक मावत नाहीत. कोल्हापूरला गेल्यापासून तो ‘हाय’ सोडून ‘आहे’ म्हणायला लागला होता, आणि मोजमाप केल्याशिवाय बोलत नव्हता.

आज सकाळी तो एक हिरवी उघडी जीप घेऊन आला होता. जीप देखणी होती. फक्त पुढचा बंपर एकीकडून लटकत होता.

“लेझर लावून मोजलंय,” तो म्हणाला. “डावीकडचे दोन्ही बोल्ट बसतात. उजवीकडची भोकं अर्ध्या बोटानं चुकतात.”

“हं.”

“कानस मारून भोकं वाढवू? नाहीतर गरम करून टोक थोडं ओढून घेऊ.”

वस्तादांनी बशी खाली ठेवली.

“ह्यो बंपर कुठला?”

“भंगारातला. तीन भंगारवाल्यांकडं हिंडलो, तेव्हा मिळाला.”

“तुझ्याकडं नव्या बंपरांची काय टंचाई हाय व्हय?”

वस्ताद उठले, जीपपाशी आले आणि बंपरवर हात ठेवला. डावीकडून निघालेला तळहात उजव्या टोकाशी येऊन थांबला. तिथं वेल्डिंगचा एक जुना टाका होता.

“हा टाका माझा हाय,” वस्ताद म्हणाले. “उदयच्या जीपचा बंपर ह्यो.”

“होय.”

शेडमध्ये आम्ही तिघंच होतो. तिघांनाही उदय माहीत होता.

उदय हा धैर्यशीलचा थोरला भाऊ. शर्यतीत जीप धैर्यशील हाकायचा आणि उदय शेजारी बसून वाट सांगायचा. मागच्या जानेवारीत सड्यावर, म्हणजे वरच्या त्या जांभ्या दगडाच्या पठारावर, शर्यत होती. जीप उतारावरून ओढ्यात उलटली. धैर्यशीलला खरचटलंसुद्धा नाही. उदयच्या डाव्या पायात दोन सळ्या आहेत आणि गुडघा आता वाकत नाही. उदयची ती जीप भंगारात गेली.

धैर्यशील पहिली रात्र दवाखान्यात होता. नंतर तो भावाकडे गेला नाही. या गोष्टीला अकरा महिने झाले होते. गावात यावर बोलून बोलून लोकांना कंटाळा आला, तरी तो गेला नाही.

वस्तादांचा हात आता जीपच्या आत गेला होता. गिअरच्या दांडीला चिकटून आणखी एक बारीक दांडी बसवली होती, तिच्यावर तो थांबला.

“आन् हे काय?”

“क्लच. हातानं दाबायचा. डावा पाय नाही लागत. दादासाठी केलीय जीप. सगळी माझ्या हातानं. वर्कशॉपमध्ये सहा माणसं आहेत, एकालाही हात लावू दिला नाही. सीट, वायरिंग, रंग, सगळं मी एकट्यानं.” त्याच्या आवाजात अभिमान होता, आणि खोटं कशाला बोलू, मलाही त्याचं कौतुक वाटलं. “दादाचा जुना बंपर लावला की झालं. उद्या सकाळी पाठवतो.”

“पाठवतो म्हंजे?”

“ड्रायव्हर नेऊन देईल. किल्ली दादाच्या हातात देईल.”

“आन् तू?”

“मी… मला उद्या कोल्हापुरात काम आहे.”

वस्ताद परत आपल्या खुर्चीत जाऊन बसले. बराच वेळ त्यांनी रस्त्याकडे बघण्यात घालवला. रस्त्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं. एक उसाची ट्रॉली गेली.

“पहिल्यांदा कुठला बोल्ट आवळलास?” त्यांनी विचारलं.

“डावा.”

“किती?”

“पूर्ण. हवेच्या गननं.”

“मी तुला काय शिकवलं हुतं?”

धैर्यशीलचे कान लाल झाले. चाळिशीला आलेल्या, भिंतभर चषक असलेल्या माणसाचे कान लाल झालेले बघायला मजा येते, पण त्या दिवशी नाही आली.

“चारी बोल्ट आधी हातानं धरवायचे,” तो पाठ म्हटल्यासारखं म्हणाला. “दोन-दोन आटे. सगळे लागले की मग एकेक करून आवळायचे.”

“मग?”

“तसं केलं असतं तर बंपर पडला असता, वस्ताद. पन्नास किलोचा आहे. एक टोक पूर्ण आवळलं म्हणून तर लटकून राहिला.”

“पडला असता. का?”

“दुसऱ्या टोकाला…”

तो थांबला.

“दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं,” तो म्हणाला.

चहाचा थेंब बशीत राहिला होता, तो वस्तादांनी पिऊन टाकला.

धैर्यशील हुशार आहे. चूक सापडली की तो ती लगेच दुरुस्त करायला धावतो. त्यानं शेडमधले दोन जॅक ओढून आणले. एक मध्ये लावला, एक उजव्या टोकाखाली लावून त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवला. डावे बोल्ट सैल केले. मग एका हातानं टोक उचलून दुसऱ्या हातानं बोल्ट घालायला गेला.

ठोकळा सरकला. बंपर खाली आला. धैर्यशीलनं हात काढला, पण मधलं बोट जरा उशिरा निघालं.

मी उठलो. म्हणालो, “थांब, मी धरतो टोक.”

“मास्तर,” वस्ताद म्हणाले, “तुमचा चहा गार व्हायलाय.”

“अहो, पण त्याचं बोट…”

“बसा.”

मी बसलो. चाळीस वर्षं मी मुलांना बसा म्हणत आलो, पण या माणसासारखं मला कधी जमलं नाही.

वस्तादांनी एक स्वच्छ चिंधी घेतली आणि धैर्यशीलचं बोट घट्ट बांधून दिलं. गाठ नीट बसली.

“वस्ताद, तुम्ही धरा ना. दोन मिनिटं.”

“माझ्याच्यानं हुईल, पण मी धरणार न्हाई.”

“मग मास्तरांना धरू द्या.”

“न्हाई.”

“मग कोल्हापूरहून माझा माणूस बोलावतो.”

“बोलव. ह्या शेडमधे तो बंपर धरणार न्हाई.”

धैर्यशील चिडला. त्याला चिडायचा हक्क होता. “मग बसवू कसा मी?”

वस्ताद त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांना तो नुसता धूसर दिसत असणार.

“आधी दुसऱ्या टोकाला कोण असायचं? तीन वर्षं ह्या शेडमधे तुम्ही दोघांनी किती बंपर बसवलासा? तुझं डावं टोक. उजव्या टोकाला कोण?”

“दादा.”

“मग?”

“त्याचा पाय, वस्ताद…”

“बंपर पायानं धरत्यात व्हय?”

हे ते रागानं बोलले नाहीत. ‘चहा घ्या’ म्हणतात त्याच आवाजात बोलले.

धैर्यशील जमिनीवर, जीपच्या चाकाला टेकून बसला. चांगल्या कपड्यांना ग्रीस लागत होतं, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. बांधलेलं बोट त्यानं दुसऱ्या मुठीत धरलं होतं.

“मला जाता येत न्हाई,” तो म्हणाला.

“दोन गल्ल्या तर हायत.”

“येताना दादाच्या दारावरनंच आलो. गाडी हळू केली. खिडकी उघडी हुती.” त्यानं मान खाली घातली. “मी सगळ्यांना सांगितलंय, इंजिनचा आवाज लई हुता, मला काय ऐकायला आलं न्हाई. पोलिसांना सांगितलं, आईला सांगितलं. दादालाबी तेच सांगितलं दवाखान्यात.”

“मग?”

“दादा थांब म्हणाला. मला ऐकायला आलं हुतं, वस्ताद. ऐकून मी गिअर टाकला. म्हटलं, ह्याला काय कळतंय, ह्यो नुसता शेजारी बसणारा…”

मला तिथून उठून जावंसं वाटलं. दुसऱ्याच्या घरात चुकून शिरल्यासारखं झालं होतं. पण उठलो तर खुर्ची वाजली असती, म्हणून बसून राहिलो.

“जीप दिली की कळंल त्याला,” धैर्यशील म्हणाला. “एवढं केलंय मी. अकरा महिने झोप न्हाई. बघितल्यावर कळंल की.”

“काय कळंल? जीप त्याला काय सांगंल? तुला ऐकायला आलं हुतं, हे सांगंल?”

बाहेरून एक एसटी गेली, तेवढा काळ शेडचा पत्रा वाजला.

वस्ताद उठले. त्यांनी डावे बोल्ट काढून बंपरचं एकेक टोक जॅकनं उतरवत दोन ठोकळ्यांवर टेकवलं. चारी बोल्ट पुसले, प्रत्येकाला वॉशर लावला आणि एका वाटीत ठेवून वाटी जीपच्या बॉनेटवर ठेवली. मग एक तेलाचा रिकामा डबा आणून उजव्या बाजूला पालथा घातला. त्यावर गोणपाटाची घडी ठेवली. वाकत नसलेला गुडघा घेऊन माणसाला बसता येईल, एवढ्या उंचीचा तो डबा होता.

हे सगळं करून ते खुर्चीत बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

धैर्यशील त्या डब्याकडे बघत राहिला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. माझा चहा खरंच गार झाला.

मग तो उठला आणि चालत गावाकडे गेला. जीप होती, माझी स्कूटर होती, पण तो चालत गेला.

दोन गल्ल्यांना पाच मिनिटं लागतात. अर्धा तास झाला. मी दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन बघून आलो.

“यायचा न्हाई तो,” मी म्हणालो.

“कोण?” डोळे न उघडता वस्तादांनी विचारलं.

मला स्वतःलाच माहीत नव्हतं, मी कोणाबद्दल बोलत होतो.

शेवटी ते दिसले. पुढं उदय, काठी टेकत, डावा पाय बाजूनं फिरवून टाकत. त्याच्या मागं चार हात अंतरावर धैर्यशील. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. उदयचा चेहरा असा होता की मी वर्गात असतो तर तास सोडून दिला असता.

शेडमध्ये आल्यावर उदयनं जीपकडं बघितलंही नाही.

“वस्ताद, बोलावलासा?”

“मी न्हाई बोलावलं. ह्यानं बोलावलं.”

“ह्यानं? ह्यो दारात येऊन उभा राहिला नुसता. तोंडातनं शब्द न्हाई. आई रडाय लागली, तरी उभाच. शेवटी म्हणाला, बंपर धरायचाय.” उदयनं काठी भिंतीला लावली. “अकरा महिन्यांनी आला, आन् म्हणतो बंपर धरायचाय.”

“मग धर की,” वस्ताद म्हणाले.

उदय डब्यावर बसला, पाय लांब केला आणि बंपरचं उजवं टोक दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतलं. दंड अजून चांगले होते त्याचे.

धैर्यशील डावीकडे गेला. बसला. टोक उचललं.

“वर घे,” उदय म्हणाला.

“किती?”

“नखभर. आनखी. आता पुढं लोट.”

“आता?”

“थांब.”

धैर्यशील थांबला. इतका थांबला की हातसुद्धा हलेना. पन्नास किलोचं लोखंड दोघांच्या मध्ये होतं आणि दोघांपैकी कुणालाच ते सोडता येत नव्हतं.

“दादा…”

“हं.”

“त्या दिवशी मला ऐकायला आलं हुतं. तू थांब म्हणालास ते. मी खोटं सांगितलं सगळ्यांना.”

उदयनं बंपर सोडला नाही. त्याच्या दंडाच्या शिरा वर आल्या होत्या.

“म्हाईत हाय मला,” तो म्हणाला.

“कवापास्नं?”

“तवापास्नंच. मी थांब म्हटल्यावर तू माझ्याकडं बघितलंस. बघितलंस, आन् मग गिअर टाकलास. ज्याला ऐकायला येत न्हाई, तो कशाला बघंल?”

धैर्यशीलच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसायला हात मोकळे नव्हते.

“मग बोलला का न्हाईस?”

“कुणाला बोलू? भिंतीला?” उदयचा आवाज चढला. “पायाचा राग दोन महिन्यांत गेला, धैर्या. शर्यतीत बसलो तवाच म्हाईत हुतं, हातपाय मोडायचेच कवातरी. पण त्याच्या पुढचे नऊ महिने मी खिडकीत बसून काढलेत. रस्त्यावरनं जीप वाजली की आई म्हणायची, धैर्या आला बघ. मी म्हणायचो, न्हाई गं, ह्यो आवाज त्याचा न्हवं.”

“दादा, माझं चुकलं.”

“चुकलंच.”

“पायाचंबी चुकलं, आन्…”

“कळलं. बोट कशानं चेचलंस?”

“ह्या बंपरनं.”

“एकटा करायला गेला असशील.”

“व्हय.”

“गाढव.” उदयनं टोक नीट धरलं. “हात भरून आलेत माझे. बोल्ट घाल आता.”

धैर्यशीलनं टोक गुडघ्यावर टेकवलं आणि बॉनेटवरची वाटी खाली घेतली. डावीकडचा पहिला बोल्ट हातानं लावला, दोन आटे. दुसरा लावला. मग मांडीवर टोक टेकवून उदयनं उजवीकडचे दोन लावले. चौथा बोल्ट मी डोळे ताणून बघत होतो. तो बोटांनीच आत गेला. हातोडी नाही, कानस नाही, गरम करणं नाही. सकाळपासून चुकणारं ते अर्धं बोट कुठं गेलं कोण जाणे.

मग दोघांनी पाने घेतले आणि थोडं इकडे, थोडं तिकडे करत आवळत गेले. उदय म्हणायचा “बास”, की धैर्यशील हात काढायचा.

काम झाल्यावर उदय काठीशिवाय, जीपला धरून धरून एक फेरी मारून आला. आत वाकून त्यानं हाताच्या क्लचची दांडी ओढून बघितली.

“कडक हाय,” तो म्हणाला.

“सैल करून देतो.”

“दे. आन् आईनं जेवायला थांबवलंय तुला. न्हाई म्हणालास तर ती तुझं वर्कशॉप पेटवंल.”

धैर्यशील हसला. रडता रडताच हसला, त्यामुळं नाकातून आवाज आला, आणि मग आम्ही सगळेच हसलो. मी तर जरा जास्तच हसलो. मला डोळे पुसायला काहीतरी निमित्त हवं होतं.

“वस्ताद,” धैर्यशील म्हणाला, “एकदा हात फिरवून बघा की. बसलाय का?”

वस्ताद आले. त्यांचा तळहात बंपरच्या डाव्या टोकापासून निघाला, सांध्यांवरून, बोल्टांवरून, आपल्याच जुन्या टाक्यावरून हळूहळू उजव्या टोकापर्यंत गेला. दोघं भाऊ शेजारी शेजारी उभे राहून, परीक्षेचा निकाल लागायच्या आधी मुलं उभी असतात तसे, त्या हाताकडे बघत होते.

वस्तादांनी हात फडक्याला पुसला.

“बरोबर बसलाय,” ते म्हणाले. “उद्या दोघंबी या, खोला, आन् परत बसवा.”